घरामागे वर्कशॉप बांधताय? पत्रे आणण्याआधी झोन बघा

आखातात पंधरा-वीस वर्षं फॅब्रिकेशन, सुतारकाम किंवा मशीन शॉपमध्ये काढलेला माणूस कायमचा गावी परततो, तेव्हा त्याच्या डोक्यात एक चित्र पक्कं असतं. घरामागच्या परसात चाळीस फुटी शेड. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगचं टेबल, मध्ये ग्रिल-गेट जोडायला मोकळी जागा. मुलगा हाताखाली शिकेल, हलाल रोजी घरात बसून मिळेल आणि पुन्हा व्हिसाच्या मागे धावायला नको. रत्नागिरी-रायगडच्या वाड्यांपासून मालेगाव, सोलापूर, सांगलीच्या मोहल्ल्यांपर्यंत हे स्वप्न आपल्या घराघरांत आहे. काहींना धंदा करायचा नसतो. निवृत्तीनंतर लाकूडकाम करावं, जुनी जीप दुरुस्त करावी, एवढाच शौक असतो. पण शेड त्यांनाही मोठीच हवी असते.

बहुतेक जण सुरुवात कुठून करतात? पत्रेवाल्याकडून. आधी अँगल आणि पत्र्यांचा भाव, मग मिस्त्री, मग मशीन, आणि शेवटी कागद. तेही कोणी तक्रार केली तर. हा क्रम उलटा आहे आणि तो फार महाग पडतो. परदेशातली सगळी बचत लोखंडात उभी राहते आणि एका नोटिशीवर येऊन अडकते. म्हणून हा विषय आम्ही सुरुवातीपासून, एकेक पायरी घेऊन मांडतोय.

जमीन माझी, मग परवानगी कशाला?

हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. पण जमीन कोणाची आणि त्या जमिनीचा वापर कशासाठी, हे कायद्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका देते. दुसऱ्याचं उत्तर विकास आराखडा किंवा प्रादेशिक आराखडा देतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (लोक त्याला एमआरटीपी म्हणतात) यानुसार बांधकाम तर ‘विकास’ आहेच, पण जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही ‘विकास’ आहे. म्हणजे एक वीट न रचता घराच्या तळमजल्यावर लेथ बसवला, तरी प्रश्न उभा राहू शकतो.

आराखड्यात प्रत्येक जागेला एक झोन दिलेला असतो. नकाशावर साधारणपणे पिवळा रंग रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा शेती. कोणत्या झोनमध्ये काय चालतं आणि काय नाही, हे नियमावली सांगते. बृहन्मुंबईत त्यासाठी डीसीपीआर २०३४ आहे. मुंबई, एमआयडीसीचं क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा आणि असे मोजके भाग सोडले, तर बाकी जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे. तिला यूडीसीपीआर म्हणतात. आर्किटेक्टशी बोलताना हा शब्द वारंवार ऐकायला मिळेल.

आपल्या जागेचा झोन कळायला वशिला लागत नाही. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात ‘झोन दाखला’ आणि ‘भाग नकाशा’ यांसाठी अर्ज करायचा. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर आणि सातबारा जोडायचा, फी भरायची. खेड्यात असाल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जायचं. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अशा कामांना मुदत ठरलेली असते. त्यामुळे पोच घ्यायला विसरू नका. भाग नकाशात आणखी एक गोष्ट दिसते. तुमच्या परसातून उद्या रस्ता जाणार आहे का, बाग किंवा शाळेचं आरक्षण पडलंय का. आरक्षणावर बांधलेली शेड कितीही मजबूत असली, तरी तिचा भरवसा नसतो.

कोकणातल्या आपल्या भावांसाठी एक जादा सूचना. समुद्राच्या भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या नियमांत येतो आणि खाडीकाठालाही वेगळी मर्यादा आहे. घर त्या पट्ट्यात असेल, तर झोन रहिवासी असूनही ही दुसरी परवानगी तपासावी लागते.

रेघ कुठे आहे: सुई की ग्राइंडर?

आता मुद्द्याचं. रहिवासी झोनमध्ये घरात काम करायला पूर्ण बंदी आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. यूडीसीपीआरमध्ये रहिवासी झोनच्या यादीत ‘परंपरागत घरगुती व्यवसाय’ आहे. शिवणकाम, भरतकाम, बटण तयार करणं अशी कामं त्यात दिलेली आहेत. अट अशी की काम घरातल्याच माणसांनी करायचं, पगारी कामगार ठेवायचा नाही, आणि विजेवरचं यंत्र असेल तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या वर जाता कामा नये.

हा ०.७५ चा आकडा नीट समजून घ्या, कारण सगळी रेघ इथेच आहे. ०.७५ किलोवॅट म्हणजे साधारण १ हॉर्सपॉवर. स्वयंपाकघरातला मोठा मिक्सर ७५० वॅटचा असतो. तेवढंच. दोन-तीन शिलाई मशीनच्या मोटरी यात आरामात बसतात. पण चार इंची हँड ग्राइंडर एकटाच सातशे-आठशे वॅट खातो. २ हॉर्सपॉवरचा लेथ म्हणजे दीड किलोवॅट. वेल्डिंग मशीन तर सहज चार-पाच किलोवॅटच्या पुढे जातं. म्हणजे अम्मीचं किंवा आपाचं शिवणकाम आणि जरीकाम या सवलतीत बसतं, भाईजानचं फॅब्रिकेशन बसत नाही.

मिरजेचं उदाहरण घ्या. तिथल्या सतारमेकर घराण्यांचं मूळ शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्यांचं. हत्याराचं काम घटलं तसे हे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. आज त्या कामाला एवढं नाव आहे की २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, लाकूड, छिन्नी, कानस आणि हाताची कसबी नजर यांवर चालणारं हे काम पिढ्यान् पिढ्या घराच्या ओसरीत, दुकानाच्या मागच्या खोलीत होत आलंय. घरगुती व्यवसायाची सवलत ही अशा हातांच्या कामासाठी आहे. तिच्या आडून पाच मशीनचा कारखाना परसात येऊ नये, म्हणून विजेची मर्यादा घातली आहे.

मग मोठ्या वर्कशॉपचं काय? तिथे तीन वाटा उरतात.

पहिली वाट ‘सेवा उद्योगां’ची. काही लहान उद्योगांची यादी नियमांत असते. दुरुस्ती, फर्निचर, छोटं उत्पादन अशी ती कामं. प्रत्येकापुढे विजेचा भार, कामगारांची संख्या आणि क्षेत्रफळ यांच्या कमाल मर्यादा लिहिलेल्या असतात. आपल्या जागेवर यातलं काय चालेल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरंच अवलंबून असतं. गल्ली अरुंद, तर पर्याय कमी. म्हणून आर्किटेक्टला ‘वर्कशॉप चालेल का?’ असं मोघम विचारू नका. ‘माझ्या रस्त्याच्या रुंदीला, अमुक काम, एवढे एचपी, एवढी माणसं, एवढे चौरस मीटर चालतील का?’ असं विचारा. उत्तर लेखी घ्या.

दुसरी वाट शौकाची. धंदा नाही, गिऱ्हाईक नाही, माल विकायचा नाही, फक्त स्वतःसाठी सुतारकाम. अशी खोली घराचाच भाग म्हणून नकाशात दाखवता येते. पण बांधकामाची परवानगी, एफएसआय, आवाजाची मर्यादा हे सगळं तिलाही लागू आहे. आणि शौक म्हणून नकाशा मंजूर करून घ्यायचा आणि महिन्याभरात बोर्ड लावायचा, असं करू नका. तो वापरातला बदल ठरतो. शिवाय खोटं बोलून घेतलेल्या परवानगीत बरकत कशी असेल?

तिसरी वाट सरळ औद्योगिक झोनची. एमआयडीसी, सहकारी औद्योगिक वसाहत किंवा भाड्याचा गाळा. हे ऐकून मन खट्टू होतं, कारण स्वप्न घरामागचं होतं. पण काम खरंच मोठं असेल, तर हीच वाट शेवटी स्वस्त पडते. घरात डिझाइन, मोजमाप, फिनिशिंग, हिशेब ठेवायचा आणि कापणं-जोडणं गाळ्यात करायचं, अशी वाटणीही करता येते.

एनए झाली म्हणजे सगळं झालं?

नाही. ही गल्लत फार होते. शेतजमीन बिगरशेती करणं हा महसूल खात्याचा विषय. झोन हा नगररचनेचा विषय. गेल्या काही वर्षांत सरकारने एनएची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सोपी करत नेली आहे आणि हे नियम बदलत असतात. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी काय लागू आहे ते तहसील कार्यालयात विचारा. पण एनए कितीही सोपी झाली, तरी रहिवासी झोनमध्ये वेल्डिंगचा कारखाना त्यामुळे मंजूर होत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल, तर आणखी सावध. तिथे हस्तांतरणावर सरकारी बंधनं असतात. तसंच जागा वक्फची किंवा दर्ग्याच्या इनामाची तर नाही ना, हेही आधीच बघून घ्या.

बहिणीची सही

परवानगीच्या अर्जाला मालकीचा पुरावा लागतो आणि आपल्याकडे गाडी नेमकी इथे अडते. सातबारा अजून दादाजींच्या नावावर. ते जाऊन वीस वर्षं झाली, वारसनोंद केलेली नाही. किंवा केलीय तर नऊ-दहा नावं आहेत. दोन भाऊ कुवेतला, एक बहीण लग्न होऊन पुण्याला.

आपल्या शरीयतनुसार माणूस गेल्याबरोबर प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो, आणि त्यात मुलीचा, बायकोचा, आईचा हिस्साही येतो. सगळ्यांच्या सामाईक जमिनीवर एकट्याने शेड बांधणं हा फक्त कागदाचा दोष नाही, तो दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे. म्हणून आधी वारसनोंद करून घ्या. मग एक तर रीतसर वाटणी करा, नाहीतर सगळ्यांची लेखी संमती घ्या. परदेशातले भाऊ भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवू शकतात.

आणि बहिणीची सही ‘तू कर गं, तुला काय करायचंय त्या परसाचं’ असं म्हणून घेऊ नका. तिला नकाशा दाखवा. किती जागा जाते, मोबदला काय, की ती राजीखुशीने सोडते, हे स्पष्ट बोला आणि लिहून ठेवा. कुरआनातली सर्वात लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण सगळे जाणतो. तो हुकूम नात्यात कटुता येऊ नये म्हणूनच आहे. वर्कशॉप चांगलं चालायला लागल्यावर जे भांडण उभं राहतं, ते कोर्टात गेलं तर दहा-दहा वर्षं संपत नाही.

चाळीस बाय पंचवीस बसते का?

आता मोजमापाकडे. समजा तुमचा प्लॉट ३ गुंठ्यांचा, ३३ फूट रुंद आणि ९९ फूट लांब, म्हणजे ३,२६७ चौरस फूट. पुढे ९०० चौरस फुटांचं घर आहे. मागे ४० बाय २५ ची शेड हवी, म्हणजे १,००० चौरस फूट. दोन्ही मिळून १,९००. एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, १ धरला तरी ३,२६७ चौरस फुटांपर्यंत बांधता येतं. मग अडचण कुठे?

अडचण बाजूच्या मोकळ्या जागेत. नियमात याला सामासिक अंतर म्हणतात, बोलताना मार्जिन. समजा दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचं आहे. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट, दोन्हीकडचे मिळून दहा. ३३ मधून १० गेले, उरले २३. म्हणजे २५ फुटांची शेड बसतच नाही. २२ फुटांची बसते. ४० ऐवजी ४५ फूट लांब केली, तर क्षेत्रफळ ९९० चौरस फूट होतं, जवळजवळ तेवढंच. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. अँगल कापून झाल्यावर तोच हिशेब हजारोंचा होतो. तुमच्या प्लॉटला नेमकं किती अंतर लागेल, हे प्लॉटचा आकार, इमारतीची उंची आणि वापर यांवर ठरतं. उद्योगासाठी ते जास्त असतं. आकडा आपल्या परवानाधारक इंजिनिअरकडून घ्या.

सगळ्यात जास्त नोटिसा याच मार्जिनमुळे येतात. घर आणि कंपाउंड यांच्या मधल्या पट्टीवर पत्रा टाकून ‘छोटीशी’ शेड करायची, ही आपल्याकडची जुनी सवय. पण ती पट्टी हवा, उजेड आणि आग लागली तर माणसांना बाहेर काढण्यासाठी आहे. वेल्डिंगच्या ठिणग्या, थिनर आणि लाकडाचा भुसा जिथे असेल, तिथे तर ती मोकळी हवीच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवा की पार्किंगला भिंती घालून किंवा गच्चीवर पत्रे टाकून केलेलं वर्कशॉप याच दोषात येतं.

नकाशा ऑनलाइन दाखल होतो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटवर कमी जोखमीच्या बांधकामासाठी यूडीसीपीआरमध्ये सोपी पद्धत आहे. इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि फी भरल्याची पावती यांवर काम सुरू करता येतं. पण ही सवलत मशीनच्या शेडला आपोआप मिळेल असं धरून चालू नका. इतरांना रीतसर परवानगी. गावठाणात आधी ग्रामपंचायतीकडे जायचं. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला पुरेसा नसतो, तिथे जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयाचा विषय येतो. एमआरटीपी कायद्यानुसार अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवायचा असतो. न कळवल्यास परवानगी मिळाली असं मानलं जातं, पण नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच. नकार आला, तर ४० दिवसांत अपील करता येतं. मिळालेली परवानगी १ वर्ष चालते आणि नंतर वर्षावर्षाने, जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत वाढवून मिळते. काम संपल्यावर पूर्णत्वाचा आणि भोगवटा दाखला घ्यायला विसरू नका.

विजेचं मीटर

घरच्या मीटरवर वर्कशॉप चालवायचं का? वीज नियामक आयोगाने इथे एक सवलत दिली आहे. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर चालतो. शिवणकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना हे माहीत असायलाच हवं.

त्याच्या वर गेलात, तर वेगळी जोडणी घ्या. चोरून घरगुती मीटरवर वेल्डिंग चालवलं आणि तपासणी झाली, तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून सुरू आहे हे ठरवता आलं नाही, तर मागच्या १२ महिन्यांची. वर्षभराची कमाई एका बिलात जाते. मंजूर भारापेक्षा जास्त भार टाकला की वायर तापते, त्यातून आग लागली तर दुप्पट बिलाचीही किंमत वाटणार नाही.

५५ आणि ४५ डेसिबल

हे दोन आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. मशिदीच्या भोंग्यांवरून वाद सुरू झाले, तेव्हापासून जमातीत सगळ्यांना माहीत झालंय की ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. औद्योगिक भागात हेच आकडे ७५ आणि ७० आहेत. दवाखाना, शाळा किंवा कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०.

पण हेच ५५ आणि ४५ आपल्या ग्राइंडरलाही लागू आहेत, हे किती जणांच्या लक्षात येतं? लोखंड कापणारा ग्राइंडर जवळून ९० च्या पुढे जातो. म्हणून शेड कंपाउंडला चिकटवू नका. शेजाऱ्याच्या बाजूची भिंत विटांची घ्या, पत्र्याची नको. पत्रा आवाज अडवत नाही, उलट वाजतो. कॉम्प्रेसर रबरच्या पायांवर, बंद खोलीत ठेवा. आवाजाचं काम सकाळी उशिरा सुरू करा, दुपारी कैलुल्याच्या वेळी थांबवा आणि असरनंतर लवकर आटपा.

शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, हे सांगायला नको. जिब्रील अलैहिस्सलाम शेजाऱ्याबद्दल इतकी ताकीद देत राहिले की नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना वाटलं, आता शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळणार. फिक्हचा पायाभूत नियमही हाच, की स्वतः नुकसान सोसू नये आणि दुसऱ्याचं करू नये. शेजारी मुसलमान असो की नसो, हक्क तोच. व्यवहाराच्या बाजूने बघितलं, तरी पालिकेकडे जाणारी पहिली तक्रार बहुधा शेजाऱ्याचीच असते. पाया खणण्याआधी त्याच्याकडे जा, चहा घ्या, नकाशा दाखवा, कामाच्या वेळा सांगा. त्याची मागणी रास्त असेल तर ऐका.

प्रदूषण मंडळाचाही विचार करा. उद्योगांचे पांढरा, हिरवा, नारिंगी, लाल असे गट आहेत. पांढऱ्या गटात फक्त कळवायचं, पुढच्या गटांना संमती लागते. स्प्रे पेंटिंग, प्लेटिंग, रसायनं आली की गट बदलतो. सुतारकाम करणाऱ्यांनी लाकडाचे ओंडके चिरण्याची आरागिरणी लावली, तर वनखात्याचा परवाना लागतो. तयार फळ्या आणून फर्निचर करणं वेगळं आणि ओंडके चिरणं वेगळं.

चार गैरसमज

‘उद्यम नोंदणी झालीय.’ उत्तम, ती फुकट आहे आणि जरूर करा. पण ती तुम्ही उद्योजक आहात एवढंच सांगते. जागेचा झोन ती बदलत नाही.

‘घरपट्टी भरतो.’ पालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, उलट दुप्पट कर लावण्याची तरतूद आहे. ती पावती म्हणजे मंजुरी नव्हे.

‘लाइट मीटर मिळालंय.’ तो विजेचा पुरवठा आहे, बांधकामाचा दाखला नाही.

‘दहा वर्षं कोणी काही बोललं नाही.’ सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलंय की वेळ गेल्याने, खर्च झाल्याने किंवा अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केल्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

शेड आधीच उभी असेल तर?

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. सध्या बुलडोझर हा शब्द ऐकला की आपल्या घरांत धसका बसतो आणि तो विनाकारण नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबद्दल देशभरासाठी नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने, बाजू मांडण्याची संधी, कारणांसह आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण. रस्ता, फुटपाथ, रेल्वेची हद्द, नदी-तलाव अशा जागांवरची बांधकामं आणि कोर्टाने पाडायला सांगितलेली बांधकामं यांना मात्र हे संरक्षण नाही.

हा निकाल मोठा आहे, पण त्याचा अर्थ नीट घ्या. तो तुम्हाला वेळ देतो, कागद देत नाही. त्या वेळात दाखवायला काही असेल, तरच तो उपयोगी. म्हणून नोटीस आली तर ती नाकारू नका. सही करून, तारीख घालून घ्या. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. एमआरटीपीच्या कलम ५३ खालच्या नोटिशीवर, तिच्यात दिलेल्या मुदतीत, बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते. मात्र झोन, मार्जिन, एफएसआय यांत जे बसतं तेच वाचू शकतं. मार्जिनमधली तीन फूट शेड स्वतःहून कापून बाकीची नियमित करून घेणं, हे सगळी शेड जाण्यापेक्षा बरं. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये १ महिना ते ३ वर्षं कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, त्यामुळे दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

सांगली, सोलापूर, छत्रपती संभाजीनगरच्या अनेक वस्त्यांत आपली घरं गुंठेवारीच्या प्लॉटवर आहेत. बाँडवर किंवा नोटरीवर घेतलेली. गुंठेवारी कायदा, २००१ खाली ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करून घेण्याची सोय झाली आहे. वर्कशॉपचा विचार करण्याआधी प्लॉट नियमित करा. पायाच कच्चा असेल तर वर काय टिकणार?

क्रम असा ठेवा

१. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वारसनोंद, सगळ्या हिस्सेदारांची राजीखुशीची लेखी संमती.
२. झोन दाखला आणि भाग नकाशा. कोकणात सीआरझेडही.
३. मशीनची यादी, प्रत्येकाचे एचपी, एकूण भार, माणसं किती. काम घरगुती, सेवा उद्योग की औद्योगिक, हे यावरून ठरवा.
४. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून मार्जिन धरून नकाशा.
५. शेजाऱ्यांशी बोलणं.
६. बांधकाम परवानगी, मग जोतं, मग शेड, मग भोगवटा दाखला.
७. योग्य वीज जोडणी, गरजेप्रमाणे प्रदूषण मंडळाची संमती, उद्यम नोंदणी.
८. सगळ्यात शेवटी मशीन.

एजंट ‘साहेबांशी बोलणं झालंय, तुम्ही बांधा’ म्हणाला, तर त्याच्याकडे आवक क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर अर्ज दाखलच झालेला नाही, असं समजा. कुठे अडलं तर १० रुपयांत माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

या सगळ्याला पाच-सहा महिने जातील. वाळवंटातल्या उन्हात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने आणखी सहा महिने कागदासाठी का थांबायचं, असं वाटेल. पण ती पंधरा वर्षं वाया जाऊ नयेत, म्हणूनच हे सहा महिने. कदाचित झोन दाखला हातात आल्यावर कळेल की घरामागे लेथ चालणार नाही, गाळाच घ्यावा लागेल. तेही पत्रे आणण्याआधी कळलं, तर बचत शाबूत राहते. आणि कागद पूर्ण असतील, तर मुलगा उद्या त्याच शेडमध्ये निर्धास्तपणे काम करेल. गेटवर कोणी आलं तर आधी गिऱ्हाईक असेल असं वाटेल, नोटीस नाही. अल्लाह सगळ्यांच्या हलाल रोजीत बरकत देवो.